वैरागड्यांचा माणसाळांक

मनुष्य हा पृथ्वीवरचा एकमेव प्राणी आहे, जो इतरांना पाळतो पण ज्याला आजवर कोणी पाळू शकलेलं नाही. हे वाक्य सुलभा वैरागडे दरवर्षी तिसरीच्या वर्गात फळ्यावर लिहीत, पोरांकडून मोठ्यानं म्हणून घेत, आणि संध्याकाळी घरी आल्यावर नवऱ्याला विचारत, "पंखा कोणाला विचारून लावला?"

मुकुंदराव पंखा बंद करीत.

मुकुंद वैरागडे पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात वरिष्ठ सहायक होते. त्यांना सगळे देवमाणूस म्हणत. नागपुरात देवमाणूस म्हणजे ज्याच्या पुढे रांगेत घुसलं तरी तो "काही हरकत नाही जी" म्हणतो, तो. सोसायटीतल्या त्यांच्या पार्किंगमध्ये अध्यक्ष येरपुड्यांची दुसरी गाडी उभी असे, आणि मुकुंदरावांची स्कूटर बाहेर कडुनिंबाखाली. पावसात ती भिजू नये म्हणून त्यांनी स्वतःच्या पैशांनी ताडपत्री घेतली होती. येरपुडे कधीकधी तीही नेत.

त्या सुमारास कर्णशंख नावाचं यंत्र निघालं.

त्यामागचं शास्त्र तसं जुनंच होतं. रानटी प्राणी माणसाळला की त्याचं फक्त वागणं बदलत नाही, हाडंही बदलतात. लांडग्याचा कुत्रा होता होता थोबाड आखूड झालं, दात दाटीवाटीनं बसले, कान लोंबले, मेंदू लहान झाला. रानडुकराचं गावडुक्कर होतानाही थोडंफार असंच झालं. मग कोणीतरी माणसाच्या जुन्या कवट्या ओळीनं मांडल्या आणि सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. भुवयांवरचं जाड हाड गेलेलं, जबडा आखूड, अक्कलदाढेला जागा नाही, आणि हिमयुगातल्या शिकाऱ्यापेक्षा मेंदू चांगला मूठभर कमी. पाळीव जनावराची सगळी लक्षणं आपल्यात होती. फक्त मालक सापडत नव्हता.

मालक आपणच होतो, असं शास्त्रज्ञांचं म्हणणं. शिकार करून, कंदमुळं खणून जगणाऱ्या टोळ्यांमध्ये ना राजा ना फौजदार. एखादा फार माजला की बाकीचे मिळून त्याची चेष्टा करीत. त्यानं भागलं नाही तर त्याच्याशी बोलणं टाकत, टोळीतून हाकलून देत, आणि अगदीच इलाज उरला नाही तर शिकारीला म्हणून घेऊन जात आणि त्याला न घेता परत येत. हजारो पिढ्या हे चाललं. ज्यांना चार शब्द सुनावता येतात त्यांचीच पोरं जगली. त्यांची पोरं म्हणजे आपण.

कानाच्या आत जे शंखासारखं वळणाचं हाड असतं ते जन्माआधीच पक्कं होतं आणि पुढे बदलत नाही. कर्णशंख यंत्राची नळी कानात धरायची. तिच्यातून ऐकू न येणारा सूक्ष्म आवाज आत जायचा, हाडावर आपटून परत यायचा, आणि त्या हाडाच्या वळणावरून यंत्र शून्य ते शंभरमधला एक अंक द्यायचं. तो माणसाळांक. कुत्र्याचा नव्वद, गाईचा शहाऐंशी, मांजराचा एक्केचाळीस. मांजरं पाळणाऱ्यांना याचं काहीच आश्चर्य वाटलं नाही.

आता खरं तर जास्त अंक येणं चांगलं. पण नागपूरभोवती चहूकडे वाघांची जंगलं, आणि शहरात चौकाचौकांत वाघाचे पुतळे. प्रत्येकाला वाटत होतं, आपला अंक वाघाजवळ निघणार. सोसायटीच्या हॉलमध्ये तपासणी शिबिर लागलं तेव्हा येरपुडे सगळ्यांत आधी खुर्चीत जाऊन बसले. त्यांच्या दोन्ही गाड्यांच्या काचांवर डरकाळी फोडणारा वाघ होता.

येरपुड्यांचा अंक आला ब्याण्णव.

"मशीन खराब आहे बे," येरपुडे म्हणाले.

"मेंढीचा किती असते हो?" मागून कोणीतरी विचारलं.

"ब्याण्णवच," नळीवाली मुलगी म्हणाली. तिला वाटलं, माहिती हवी आहे.

मग एकेक जण बसला. अठ्ठ्याहत्तर, एक्क्याऐंशी, पंच्याहत्तर. मुकुंदराव रांगेत सगळ्यांना पुढे जाऊ देत शेवटी उरले होते. ते खुर्चीत बसले. नळीवाल्या मुलीनं पडदा पाहिला, यंत्र बंद करून पुन्हा सुरू केलं, मग दुसरा कान घेतला.

"सहा," ती म्हणाली. "आणि दुसऱ्यात पाच."

"प्राणिसंग्रहालयातल्या वाघाचा अकरा आहे," ती हळूच पुढे म्हणाली, आणि आपली खुर्ची थोडी मागे सरकवली.

"मायबाई!" बायकांच्या बाजूनं आवाज आला. सगळ्यांनी मुकुंदरावांकडे पाहिलं, आणि मग वाघ दिसल्यावर अचानक पळू नये असं शाळेत शिकवलेलं असल्यामुळे सगळे सावकाश उठून दाराकडे निघाले. सुलभाबाईंनीच शिकवलं होतं त्यांच्यातल्या निम्म्यांना.

"काय झालं?" मुकुंदरावांनी विचारलं.

दरवर्षी सुलभाबाई फळ्यावर दोन रकाने आखत, पाळीव प्राणी आणि वन्य प्राणी. आपला नवरा दुसऱ्या रकान्यात निघेल हे त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात जगाची उलटापालट झाली. येरपुड्यांची गाडी पार्किंगमधून गेली. जाताना ते ताडपत्री घडी करून ठेवून गेले. लिफ्टमध्ये मुकुंदराव शिरले की बाकीच्यांना एकदम जिन्याचे फायदे आठवत. कार्यालयात साहेबांनी नेहमीसारखी दुसऱ्याची फाइल त्यांच्या टेबलावर टाकली, तेव्हा मुकुंदराव नुसते म्हणाले, "हे माझं नाही." आजवर ते हे मनात म्हणत. साहेबांनी फाइल उचलली, "सॉरी जी" म्हणाले, आणि दार ओढून घेऊन केबिनमध्ये बसले.

बंगळुरूहून मुलीचा फोन आला. "आई, बाबा सगळीकडे फिरून राहिले ना!"

"कुठे फिरून राहिले? इथे खुर्चीत बसले आहेत."

"मोबाइलवर ग! आणि मला सांग, माझ्यात किती उतरलं असेल?"

"तू आधी मला सांग," सुलभाबाई आवाज खाली आणून म्हणाल्या, "तुला लहानपणी कधी भीती वाटली का ग त्यांची?"

"बाबांची? आई, ते झुरळाला कागदावर घेऊन बाहेर सोडायचे."

"हो ना," सुलभाबाई म्हणाल्या. पण फोन ठेवल्यावर त्यांच्या मनात आलं, मारलं का नसेल? भूक नसेल.

एकदा का अशी शंका शिरली की सव्वीस वर्षांचा संसार वेगळाच दिसू लागतो. त्यांना आठवलं, हा माणूस गॅलरीत तासन्‌तास न हलता बसतो. त्या समजत होत्या शांत स्वभाव. सावजी मटणाचं हाड तो असं साफ करतो की गल्लीतल्या कुत्र्याला टाकायला लाज वाटावी. त्या समजत होत्या काटकसर. आपण रागावून बोलतो तेव्हा तो मान थोडी तिरपी करून एकटक बघत राहतो, एक शब्द बोलत नाही. त्या समजत होत्या सोशिकपणा. दबा धरणंही असंच दिसतं, हे त्यांनीच पोरांना चित्रासह शिकवलं होतं.

त्यांनी बोलताना जपायला सुरुवात केली.

घरात भाजी मुकुंदराव आणत, आणि लग्न झाल्यापासून एकही पिशवी अशी आली नव्हती जिच्यावर सुलभाबाईंनी बोट ठेवलं नाही. भेंडी जून, टमाटर मऊ, सांबार, म्हणजे कोथिंबीर, कोमेजलेला. "तुम्हाला पाहूनच काढून ठेवतो तो भाजीवाला!" हे वाक्य झाल्याशिवाय पिशवी स्वयंपाकघरात जात नसे. आता मुकुंदरावांनी पिशवी पुढे केली, सुलभाबाईंनी आत पाहिलं. दोडके निबर होते. वरून दिसत होते.

"छान आहेत," त्या म्हणाल्या.

मुकुंदराव पिशवी धरून तसेच उभे राहिले.

"दोडके छान आहेत?"

"हो. फारच छान."

ते हळूहळू बाहेर जाऊन बसले. त्या दिवशी त्यांनी पंखा लावला. कोणी काही विचारलं नाही. उकडत असूनही थोड्या वेळानं त्यांनी तो स्वतःच बंद केला.

आणि मग नोटीस आली. राज्यात नवंच वन्यत्व प्राधिकरण स्थापन झालं होतं. माणसाळांक दहाच्या खाली असणाऱ्यांना वन्य मानव ठरवून, त्यांना दाट वस्तीतून हलवून जंगलाच्या कडेला अधिवास केंद्रात ठेवावं, असा नियम झाला होता. सुलभाबाईंनी पाकिटावर स्वतःचं नाव पाहिलं आणि चक्रावल्या. नोटीस मुकुंदरावांना नव्हती. विनापरवाना वन्य प्राणी घरात बाळगल्याबद्दल त्यांच्यावर कारवाई का करू नये, असं त्यांना विचारलं होतं. तक्रारदार, सोसायटीचे अध्यक्ष.

"मी बाळगला?" त्या येरपुड्यांच्या दारात जाऊन ओरडल्या. "मला माझ्या बापानं बाळगायला दिला आहे!"

"वहिनी, मनावर नका घेऊ ना जी," येरपुडे साखळी लावलेल्या दाराच्या फटीतून म्हणाले. "आमचे नियम आहेत. कुत्रा चालते, मांजर चालते. वन्य प्राण्याची परवानगी नाही सोसायटीत."

"यांनी काय केलं तुमचं?"

"अजून काही नाही केलं. तेच तर भेव आहे."

त्या घरी आल्या तर मुकुंदराव पलंगावर बॅग उघडून बसले होते. दोन सदरे, टोपी, डासांचं मलम, चष्म्याची जास्तीची जोडी. अधिवास केंद्राचं माहितीपत्रक त्यांनी नीट वाचलं होतं. खायला पुरवलं जाईल पण शोधून खावं लागेल, असं त्यात होतं.

"तुम्हाला जायचं आहे?" सुलभाबाईंनी विचारलं.

"जावंच लागेल असं दिसते."

"मी विचारलं, जायचं आहे का?"

मुकुंदरावांनी बराच वेळ टोपीची घडी मोडली आणि परत घातली.

"पहिले दोन-चार दिवस बरं वाटलं," ते म्हणाले. "खोटं काहून बोलू? स्कूटर सावलीत होती. साहेब सॉरी म्हणाले. मला वाटलं, आपण इतकी वर्षं उगाच... पण मग ऑफिसात कोणी माझा डबा उघडेना. रोज उघडायचे, वरणात मीठ नाही म्हणून हसायचे, आणि संपवायचे. आता मी एकटा जेवतो. वरणात मीठ आहे की नाही तेही कळत नाही. आणि तू. निबर दोडके आणले मी मुद्दाम. आदल्या दिवशी किडकी वांगी आणली. तू छान म्हणालीस. असं पाहुण्याला म्हणतात, सुलभा. मी या घरात आहे की नाही, तेच मला समजून नाही राहिलं. नसेन, तर जंगल काय वाईट?"

सुलभाबाई दाराला टेकून उभ्या राहिल्या. हा माणूस एका दमात इतकं बोलू शकतो, हा त्यांना त्या महिन्यातला दुसरा मोठा धक्का होता.

सुनावणी प्राधिकरणाच्या कार्यालयात होती. टेबलामागे कावळे नावाचे अधिकारी आणि त्यांच्या शेजारी माणसाळांकाचं गणित बसवणाऱ्यांपैकी एक, डॉ. अनघा डोर्लीकर. बाजूला येरपुडे, अंतर राखून. सकाळी बोलावलेली सुनावणी जेवणानंतर सुरू झाली. मुकुंदराव मधल्या वेळात कुठेतरी जाऊन आले होते आणि आता पायाशी बॅग व एक कापडी पिशवी ठेवून बसले होते. सुनावणी संपली की केंद्राची गाडी त्यांना तिथूनच नेणार होती. ती खाली उभी होती, मागे जाळी लावलेली.

कावळ्यांनी नियम वाचला. घरात राहू द्यायचं तर पालक लागेल, आणि प्राणी पालकाचं ऐकतो, पालक प्राण्याला घाबरत नाही, याची खात्री पटली पाहिजे.

"येरपुडे, काही आक्रमकता?"

"लिफ्टमध्ये माझ्याकडे पाहून हसले साहेब. दात दाखवून."

"वैरागडे बाई, तुम्ही सांगा. तुम्हाला यांची भीती वाटते?"

सुलभाबाई नाही म्हणायचं ठरवून आल्या होत्या. पण रोज पोरांना खरं बोला म्हणून सांगणाऱ्या बाईच्या जिभेला वेगळी सवय असते.

"वाटते," त्या म्हणाल्या. "या महिन्यात वाटली."

मुकुंदरावांनी मान खाली घातली. कावळ्यांनी लिहून घेतलं. येरपुडे सुस्कारा टाकून उठायला लागले. गाडीच्या माणसाला हाक गेली, आणि मुकुंदरावांनी बॅग उचलून कापडी पिशवी बायकोच्या हातात दिली.

"हे काय?"

"खाली गाडा होता. थोडी भाजी घेतली. दोन-तीन दिवस तुला जावं लागू नये."

सुलभाबाईंनी पिशवी उघडली. आत वांगी होती. त्यांनी एक उचललं, दाबून पाहिलं, उलटं केलं. दुसरं घेतलं. तिसरं. खोलीतल्या लोकांना काय चाललं आहे ते कळेना.

"किती दिले याला?" त्या म्हणाल्या. आवाज अगदी शांत होता.

"तो म्हणाला ताजी आहेत."

"तो म्हणणारच! तो काय म्हणेल, शिळी आहेत म्हणून? हे वांगं आहे का? बूट आहे! आत नुसत्या बिया! अहो, सव्वीस वर्षं झाली, देठ पाहून घ्या, देठ पाहून घ्या म्हणून कोकलते आहे मी. तुम्हाला पाहूनच काढून ठेवतात ते! आणि निघाले शोधून खायला जंगलात! काय शोधणार तुम्ही? घरातला चष्मा सापडत नाही! वाघ म्हणे! वाघानं अशी शिकार आणली असती तर वाघिणीनं गुहेत घेतलं नसतं!"

गाडीचा माणूस दारातच थिजला. येरपुडे खुर्चीच्या मागे गेले. अंक सहा असलेल्या प्राण्याशी असं बोलू नये, हे माहितीपत्रकात ठळक अक्षरांत होतं. सगळे मुकुंदरावांकडे पाहू लागले.

मुकुंदरावांनी मान तिरपी केली. त्यांचे डोळे भरून आले होते.

"बदलून आणू का?" त्यांनी विचारलं.

"आता कशाला बदलता, उन्हाचं! बसा तिथे!"

मुकुंदराव बसले. चेहऱ्यावर असं समाधान की येरपुड्यांना पुन्हा दात दिसले.

डॉ. डोर्लीकरांनी कावळ्यांचा लिहिता हात धरला.

"एक मिनिट. आफ्रिकेतल्या कलहारी वाळवंटात शिकार करून राहणारे लोक आहेत," त्या म्हणाल्या. "एखाद्यानं मोठं जनावर मारून आणलं की सगळी टोळी त्याच्या मांसाला नावं ठेवते. हे काय हाडकं आणलीस, एवढ्यासाठी आम्हाला चालवलंस का, असं. त्यानंही म्हणायचं, हो, अगदीच टाकाऊ आहे. मग सगळे मिळून आवडीनं खातात. त्याच्या डोक्यात हवा जाऊ नये म्हणून. माणूस माणसाळला तो तिथे. ज्याला नावं ठेवता येतात तो टोळीतला. ज्याच्याशी सगळे जपून बोलतात त्याला टोळीनं आधीच बाहेर काढलेलं असतं." त्यांनी सुलभाबाईंकडे पाहिलं. "हे मी वाचलं होतं. होताना पाहिलं नव्हतं."

"पण बाई घाबरते म्हणाली," येरपुडे म्हणाले.

"आता घाबरता का?" कावळ्यांनी विचारलं.

"कोणाला?" सुलभाबाईंनी विचारलं. त्या वांगी परत पिशवीत भरत होत्या.

परवाना तिथल्या तिथे मिळाला. वार्षिक, नूतनीकरणास पात्र. एक वन्य मानव, नर, पालक सुलभा मुकुंद वैरागडे. सोसायटीच्या दारातल्या नोटीस बोर्डावर तो चिकटवावा लागला, आणि येरपुड्यांना आपल्या हातानं चिकटवावा लागला, कारण नोटीस बोर्डाची किल्ली त्यांच्याचकडे होती. वांग्यांचं भरीत झालं. सुलभाबाईंनी नावं ठेवत ठेवत दोनदा घेतलं.

ते वर्ष फार छान गेलं, असं म्हणायला हरकत नाही. कार्यालयात मुकुंदरावांचा डबा परत उघडला जाऊ लागला, पण फाइल टाकायला कोणी येत नसे. घरात दोघंही बरंच बोलत. कधी पाहुणे आले की सुलभाबाई चहा देता देता सहज सांगत, "आमचे हे सहा आहेत," आणि मुकुंदराव नम्रपणे म्हणत, "एका कानात पाच."

वर्षानं परवाना नूतनीकरणाला आला. मधल्या काळात प्राधिकरणानं नवा नियम काढला होता की तपासणीआधी कान-नाक-घसा तज्ज्ञाचा दाखला आणावा. तज्ज्ञांनी मुकुंदरावांच्या कानात दिवा धरून पाहिलं, हातात चिमटा घेतला, आणि बराच वेळ काम केलं. मग हात धुता धुता म्हणाले, गेली दहाबारा वर्षं यांना समोरचं बोलणं निम्मंच ऐकू येत असावं. परतीच्या रिक्षात सुलभाबाई दहाबारा वर्षांतलं काय काय पुन्हा सांगायचं ते बोटांवर मोजत होत्या.

नव्या तपासणीत मुकुंदरावांचा अंक अठ्ठ्याहत्तर आला. पुढे राज्यातल्या सर्व वन्य मानवांच्या कानातला मळ काढण्यात आला. त्यानंतर राज्यात वन्य मानव आढळलेला नाही.